बँक सोडून अकरा वर्षं झाली, आता नर्सिंग शिकायचंय

कृष्णाकाठ :
नमस्कार. तीन-चार वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी सांगलीची. बीकॉम झाल्यावर एका सहकारी बँकेत सहा वर्षं होते, आधी काउंटरला, मग कर्ज विभागात. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे न्यू जर्सीत आले. मुलगी आता दहा वर्षांची, मुलगा सहाचा आणि यंदा पहिलीत गेलाय. मी एकोणचाळीस. अजून एच-४ वर आहे, म्हणजे नवऱ्याच्या एच-१ बी या नोकरीच्या व्हिसाला जोडलेला बायकोचा व्हिसा. नवऱ्याचं आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठीचा कंपनीचा अर्ज, कधीच मंजूर झालंय, त्यामुळे ईएडी, म्हणजे मला नोकरी करायचा परवाना, मिळू शकत होतं, पण लहान्यापायी अर्ज केलाच नव्हता. या वर्षी केला आणि कार्ड हातात आलं.

मला नर्सिंग शिकायचंय. का ते सांगते.

गेल्या हिवाळ्यात मैत्रिणीची आई भारतातून आली होती. एका रात्री आजींना बरं वाटेना. मैत्रिणीचं बाळ चार महिन्यांचं आणि नवरा गावाला, म्हणून इमर्जन्सीत आजींबरोबर मी गेले. आजी कराडकडच्या. तिथे टॅब्लेटवर दुभाषी लावून दिला, पण तो हिंदीचा. आजी सांगत होत्या, "छातीत भरून आल्यागत वाटतंय, आन् पाठीतनं चमक मारत्या." त्याने काय ऐकलं देव जाणे, त्याने सांगितलं की यांना रडू येतंय, मन भरून आलंय. मी मध्येच म्हटलं, नाही, छातीवर दाब आल्यासारखं होतंय आणि पाठीत कळ येतेय. नर्सचं लिहिणं तिथेच थांबलं. दोन मिनिटांत ईसीजी सुरू. मंगळसूत्र काढायला आजी काही केल्या तयार होईनात. त्या नर्सने हुज्जत घातली नाही. ते अलगद वर सरकवलं, खांद्याजवळ कागदी टेपने चिकटवलं आणि छातीवर त्या गोल टिकल्या लावायला घेतल्या. आजी चौथ्या दिवशी बऱ्या होऊन घरी आल्या. पण तो टेपचा तुकडा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. ते काम मला करायचंय.

आता अडचणी. बारावी कॉमर्स, म्हणजे सायन्स दहावीनंतर बघितलेलं नाही. आई फोनवर म्हणाली, "बँकेत खुर्चीवर बसणारी पोरगी तू, आता लोकांची अंथरुणं बदलणार?" नवरा नाही म्हणत नाही, पण "बघू, तुला झेपेल का" यापलीकडे गाडी जात नाही. ज्यांनी मुलं सांभाळून शिक्षण केलंय त्यांनी खरं खरं सांगा. गोड बोलू नका.

मंजिरी_ओहायो :
अगं, मी एक्केचाळिसाव्या वर्षी सुरुवात केली. आता आर.एन., म्हणजे परवाना असलेली नर्स आहे, वॉर्डातलं सहावं वर्ष. माझं पण शिक्षण कॉमर्सचंच.

आधी कागदांचं. एच-४ वर शिकायला बंदी नाही, एफ-१, म्हणजे विद्यार्थ्यांचा व्हिसा, घ्यायची गरज नाही. उलट एच-४ वर एकेक विषय घेऊन सावकाश शिकता येतं, एफ-१ वर पूर्णवेळच शिकावं लागतं. मात्र सरकारी शिष्यवृत्तीसाठीचा फाफ्सा नावाचा अर्ज एच-४ ला नाही, तो ग्रीन कार्ड आल्यावर. तेव्हा फी खिशातून हे धरूनच चाल. कम्युनिटी कॉलेजला जा आणि स्थानिक रहिवाशाच्या दराने फी लागते का हे पहिल्याच भेटीत विचार.

बीकॉमच्या मार्कशीट तशाच चालत नाहीत. डब्ल्यूईएस किंवा ईसीई अशा संस्थेकडून विषयवार मूल्यमापन करून घ्यावं लागतं. तुझं विद्यापीठ शिवाजी असणार. कोल्हापूरला कुणी भाऊबंद असेल तर ट्रान्स्क्रिप्टच्या मागे आत्ताच लाव, त्याला आपल्याला वाटतो त्याहून जास्त वेळ लागतो. त्यातून इंग्रजी, गणित असले विषय सुटले तर सुटतात. सायन्सचे सगळे इथेच करायचे : आधी साधं बायोलॉजी, मग अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, मायक्रोबायोलॉजी, स्टॅटिस्टिक्स. त्यानंतर बऱ्याच कॉलेजांत टीज नावाची प्रवेशपरीक्षा : वाचन, गणित, विज्ञान, इंग्रजी, असे १७० प्रश्न. मग दोन वर्षांचा असोसिएट डिग्रीचा कोर्स आणि शेवटी एनक्लेक्स, म्हणजे नर्सच्या परवान्याची परीक्षा. एनक्लेक्स पाच तासांची असते आणि कॉम्प्युटर उत्तरं बघत बघत पुढचा प्रश्न देतो. कुणाची ८५ प्रश्नांत संपते, कुणाची १५० पर्यंत जाते. म्हणजे दोन वर्षांचा कोर्स असं लिहिलेलं असतं तो आपल्यासारख्यांना चार वर्षांचा पडतो. मला साडेचार लागली.

बॅचलर डिग्री असणाऱ्यांसाठी बारा ते अठरा महिन्यांचा वेगवान बीएसएन, म्हणजे नर्सिंगची बॅचलर डिग्री, हाही कोर्स असतो. तो महाग, आणि त्या काळात घर विसरायचं. सहा वर्षांचं मूल असताना मी तरी तो सुचवणार नाही. असोसिएट करून नोकरीला लाग, बीएसएन नंतर ऑनलाइन होतं. मोठी हॉस्पिटलं बीएसएन मागतात हे खरं. आणि तू नदीपलीकडे न्यूयॉर्कात नोकरी करणार असशील तर तिथे २०१७ च्या कायद्याने नव्या आर.एन.ना दहा वर्षांत बीएसएन करावंच लागतं.

आता अभ्यासाचं. मी जन्माची शाकाहारी. अ‍ॅनाटॉमीच्या लॅबमध्ये मेंढीचा मेंदू पुढ्यात ठेवला, तेव्हा त्या रसायनाच्या वासाने डोळे झोंबले. माझी पार्टनर एकोणीस वर्षांची पोरगी, ती म्हणाली मी कापते, तू नावं सांग. पहिल्या दिवशी मी चालवून घेतलं. घरी आल्यावर वाटलं, असंच चाललं तर चार वर्षं मी नुसती नावंच सांगत राहीन. पुढच्या आठवड्यात चिमटा मी घेतला. वरचं आवरण, ड्युरा मेटर, जाड आणि चिवट, ओल्या कागदासारखं नाही तर ओल्या कापडासारखं सोलून येतं. ते हाताला लागलं तेव्हा जे कळलं ते पुस्तकात दहा वेळा वाचून कळलं नव्हतं.

हाडांची नावं मी पोळ्या लाटताना पाठ केली. ओट्यावरच्या कपाटांना चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, लेक येता-जाता विचारायची. औषधाच्या डोसची गणितं, मिनिटाला किती थेंब, पौंडाचे किलो, यात तू सगळ्यांच्या पुढे असशील. कर्जाचं व्याज काढलेल्या बाईला ते अवघड नाही.

आणि आईला सांग, अंथरूण बदलताना पेशंटची पाठ दिसते. पाठीला जखम व्हायला लागलीय हे तेव्हाच कळतं. ते काम कमीपणाचं नाही.

लेजरवाली_टेक्सास :
मी वेगळं सांगते, राग मानू नकोस. बीकॉम आणि बँकेतली सहा वर्षं हातात असताना सगळं शून्यापासून कशाला? एनरोल्ड एजंटचं बघ, म्हणजे लोकांची करांची कामं करायचा परवाना. आयआरएसचीच, म्हणजे इथल्या आयकर खात्याचीच परीक्षा, तीन भाग, त्याला डिग्रीची अट नाही. मी मुलं झोपल्यावर अभ्यास करून वर्षभरात तिन्ही भाग काढले. जानेवारी ते एप्रिल जिवाचं रान होतं, पण उरलेलं वर्ष मुलांबरोबर. सीपीए, म्हणजे आपल्याकडच्या सीएसारखं, करायची इच्छा असेल तर तेही आहे, त्याला मात्र कॉलेजातल्या विषयांचे क्रेडिट बरेच लागतात आणि तुझ्या राज्याचा नियम बघावा लागेल.

नर्सिंगला बारा-बारा तासांच्या पाळ्या, रात्रपाळी, दिवाळीला ड्युटी. लहानग्याच्या वयात हे परवडेल का, हा विचार कर. चार वर्षांनी मुलगी चौदाची असेल आणि त्या वयात आई घरात लागते.

कृष्णाकाठ :
राग नाही, उलट बरं वाटलं. एनरोल्ड एजंटचं माहीतच नव्हतं, रात्री बसून वाचलं. खरं सांगू? वाचताना डोकं चाललं, पण मन नाही. बँकेतही मी काउंटरला रमले, कर्ज विभागात नाही. पेन्शन काढायला येणारी म्हातारी माणसं, त्यांची थरथरती सही जुळत नाही म्हणून परत पाठवायची वेळ यायची. तेव्हा त्यांचा हात धरून सही करून घेतलेली मला आठवते, आकडे आठवत नाहीत.

मंजिरीताई, कोल्हापूरचं आजच भावाच्या कानावर घातलं.

अबोली :
मी शिक्षण अर्धवट सोडलेली आहे. इथे सगळे यशस्वी झालेलेच लिहितात, म्हणून मुद्दाम लिहिते.

अ‍ॅनाटॉमीचे दोन्ही भाग, मायक्रो, सगळं ए ग्रेडमध्ये केलं होतं. नर्सिंगच्या प्रवेशयादीत नाव लागणार तेवढ्यात नवऱ्याची नोकरी गेली. एच-१ बी वाल्याला नोकरी गेल्यावर दुसरी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात, आणि आपलं एच-४ त्याच दोरीला बांधलेलं. त्याला पन्नासाव्या दिवशी नोकरी मिळाली, पण दुसऱ्या राज्यात. तिथे आम्ही नवे रहिवासी, त्यामुळे वर्षभर फी बाहेरच्यांच्या दराने. आधीच्या कॉलेजातल्या सल्लागाराने सांगितलं होतं की सगळे क्रेडिट कुठेही चालतील. नव्या कॉलेजाने अर्धे घेतले. मग दुसरं मूल झालं, आणि परत गेले तेव्हा म्हणाले, सायन्सचे विषय पाच वर्षांपेक्षा जुने आहेत, पुन्हा करा. मी त्या ऑफिसच्या बाहेर गाडीत बसून तासभर रडले.

कृष्णाकाठ, तुला घाबरवायचं नाहीये. फक्त तीन गोष्टी करून ठेव. सल्लागार जे सांगेल ते ईमेलवर लिहून घे, तोंडी शब्दावर विसंबू नकोस. प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, त्याला सिलॅबस म्हणतात तो कागद, जपून ठेव, कॉलेज बदललं तर तोच उपयोगी पडतो. आणि सायन्सचे विषय किती वर्षं ग्राह्य धरतात हे सुरुवातीलाच विचार. काही ठिकाणी पाच, काही ठिकाणी सात. एका वेळी एकच विषय घेत राहिलीस तर शेवटचा होईपर्यंत पहिला जुना होतो. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

मंजिरी_ओहायो :
अबोली, हे लिहिलंस ते फार मोलाचं आहे. माझ्या वर्गातल्या दोघींचं असंच झालं. तू आत्ता काय करतेस?

अबोली :
शाळेत पॅराएज्युकेटर, म्हणजे शिक्षकांची मदतनीस आहे, विशेष गरजा असलेल्या मुलांच्या वर्गात. काम आवडतं. तरी हॉस्पिटलवरून गाडी गेली की मान वळते.

वारजे_ते_रॅले :
धागा बायकांचा असला तरी नवऱ्याच्या बाजूने लिहितो, कारण "बघू, तुला झेपेल का" हे वाक्य मी स्वतः बोललोय.

माझी बायको इथे नॉर्थ कॅरोलिनात रेस्पिरेटरी थेरपी शिकली. व्हेंटिलेटर, ऑक्सिजन, श्वासाचं सगळं बघणारी ही माणसं. तोही असोसिएट डिग्रीचाच कोर्स, नर्सिंगला प्रवेश नाही मिळाला तर जरूर बघा. ती प्रवेश घेऊन आली तेव्हा मी म्हणालो, मी मदत करेन. आणि मी मदतच केली. म्हणजे ती सांगेल ते आणलं, ती सांगेल तेव्हा मुलांना नेलं. पहिल्या परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलाला १०२ ताप आला, शाळेतून फोन तिलाच गेला आणि ती लॅबमधून उठून आली. मी घरून काम करत होतो, शाळेपासून सात मिनिटांवर. मला फोनच नाही, कारण शाळेच्या फॉर्मवर पहिला नंबर तिचा होता आणि तो बदलायचं मला सुचलंच नव्हतं.

त्या रात्री आम्ही भांडलो नाही. ती म्हणाली, "तू सगळं करतोस, पण लक्षात मीच ठेवते." ते मला लागलं. दुसऱ्या दिवशी शाळा, दातांचा डॉक्टर, मुलांचा डॉक्टर, कराटे, सगळीकडे पहिला नंबर माझा टाकला. सोमवार ते गुरुवार संध्याकाळी पाच ते नऊ घर पूर्ण माझं. त्या वेळात डब्यात काय, दप्तरात काय, कुणाच्या वाढदिवसाचं गिफ्ट, हे तिला विचारायचंच नाही असं ठरवलं. पहिला महिना मुलांनी तीनदा एकच भाजी खाल्ली. काही बिघडलं नाही.

कृष्णाकाठ ताई, नवऱ्याकडे परवानगी किंवा पाठिंबा मागू नका. वार आणि तास मागा. झेपेल का याचं उत्तर त्या तासांत आहे.

आजीचा_बटवा :
मुलींनो, मी पुण्यात असते, वय बहात्तर. सून कॅलिफोर्नियात शिकत होती तेव्हा तीनदा जाऊन आले, प्रत्येक वेळी सहा-सहा महिने. तिच्या परीक्षा बघूनच तिकीट काढायचो. नातवाला मीच अ आ इ ई शिकवलं, ते सुख वेगळंच.

पण एक बोलते. आईवडिलांना किंवा सासूला बोलावताना त्यांना आधी विचारा, गृहीत धरू नका. तिथे आम्हाला गाडी येत नाही, बाहेर पडता येत नाही, बर्फात गुडघे धरतात. विम्याची धाकधूक असते. मी आनंदाने गेले कारण सुनेने फोन करून स्वतः विचारलं, "आई, मला तुमची गरज आहे, याल का?" माझ्या मैत्रिणीला मुलाने नुसतं तिकीट पाठवलं, ती अजून कुढते.

कृष्णाकाठ, तुझ्या आईचं वाक्य वाचून माझी आजी आठवली. लहान वयात विधवा झाली, पदरात मुलगा, आणि पुण्याच्या सेवासदनात जाऊन नर्सिंग शिकली. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली सेवासदन काढलं ते अशा बायकांसाठीच. भावकीने तिचं ताटपाणी वेगळं केलं, कारण कुठल्याही जातीच्या माणसाचं अंग पुसते म्हणून. पुढे त्याच भावकीतल्या चार बाळंतपणांना रात्री-अपरात्री तिलाच बोलावलं. आईला हे सांग. आणि ती धास्तावून बोलली असेल, लेक लांब आहे आणि दमेल या काळजीने. त्याचा अर्थ नकार नाही.

लेजरवाली_टेक्सास :
आजी, डोळ्यांत पाणी आलं. कृष्णाकाठ, मी माझं मत थोडं बदलते. मन नाही तिथे जाऊ नकोस. पण सहा महिने आधी हात लावून बघ. नर्सिंग असिस्टंटचा छोटा कोर्स असतो, केंद्राच्या नियमाने निदान ७५ तासांचा, काही राज्यांत जास्त. तो करून वृद्धाश्रमात आठवड्याला दोन पाळ्या कर. तरीही जावंसं वाटलं तर मग मागे बघू नकोस.

ब्रॅम्प्टनकर :
कॅनडात असणाऱ्यांसाठी थोडक्यात : इथे पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना असेल तर ऑन्टारिओत ओसॅपची, म्हणजे शिक्षणासाठीची सरकारी मदत मिळू शकते, त्यामुळे पैशाचं गणित बरंच सोपं. मी पर्सनल सपोर्ट वर्कर, म्हणजे आजारी-वृद्धांची शुश्रूषा करणारी मदतनीस, इथपासून सुरुवात केली, आता प्रॅक्टिकल नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षात आहे. लेजरवालीचं म्हणणं बरोबर, आधी खालचं काम करून बघितल्याचा मला फायदाच झाला.

दुभाषी :
त्या रात्रीबद्दल एक. मी मेडिकल इंटरप्रिटर आहे. इथे हॉस्पिटलने पेशंटच्या भाषेतला प्रशिक्षित दुभाषी फुकट पुरवायचा असतो. "हिंदी नको, मराठी हवा" असं स्पष्ट सांगायचं, मराठीचे दुभाषी फोनवर मिळतात. घरच्यांनी किंवा ओळखीच्यांनी भाषांतर करणं शक्यतो टाळायचं. तुम्ही केलंत ते त्या क्षणी योग्यच होतं. पण नर्स झाल्यावरही प्रमाणपत्राशिवाय दुभाष्याचं काम अंगावर घेऊ नका. राष्ट्रीय परीक्षेला बसण्याआधी निदान चाळीस तासांचं प्रशिक्षण लागतं. तेही करून ठेवा, कोर्स सुरू होईपर्यंत हातात वेळ आहे.

आणि आपल्याकडे दुखण्याला किती शब्द आहेत याची यादी करा. ठणका, कळ, चमक, उसण, मुंग्या, भणभण, कालवाकालव. प्रत्येकाचं इंग्रजी वेगळं आणि डॉक्टरच्या दृष्टीने अर्थही वेगळा. मी सात वर्षं यादी करतेय, अजून संपलेली नाही.

कृष्णाकाठ :
तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचं वाचलं, काही तीन-तीनदा.

वारजे_ते_रॅले यांची पोस्ट नवऱ्याला वाचायला दिली. मी काही बोलले नाही, फोन त्याच्या हातात दिला आणि कपडे घड्या घालायला गेले. अर्ध्या तासाने आला आणि म्हणाला, "मंगळवार-गुरुवार मला जमेल, सोमवारी माझा कॉल असतो." एवढंच. काल मुलांच्या शाळेच्या पोर्टलवर त्याने बसून पहिला नंबर स्वतःचा केला. मुलांच्या डॉक्टरकडे फोन केला तेव्हा त्यांनी मुलाची जन्मतारीख विचारली, त्याने ती न अडखळता सांगितली. मला ते ऐकू आलं.

कॉलेजला जाऊन आले. सल्लागार बाईंना अबोलीने सांगितलेले तिन्ही प्रश्न विचारले आणि उत्तरं ईमेलवर मागितली, त्यांनी दिली. आमच्या इथे सायन्सला पाच वर्षांची मुदत आहे. म्हणून हिशेब असा मांडलाय : आत्ता बायोलॉजी आणि स्टॅटिस्टिक्स, उन्हाळ्यात नर्सिंग असिस्टंटचा कोर्स आणि काही महिने काम, मग अ‍ॅनाटॉमी. बायोलॉजीचा वर्ग मंगळवार-गुरुवार संध्याकाळी सहाला.

आईला सेवासदनाचं सांगितलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "रात्रीची ड्युटी असली की गाडी कोण चालवणार?" मी म्हटलं, मीच. म्हणाली, "मग स्वेटर घालत जा."

अबोली, तू परत जाणार असशील तर सांग. स्टॅटिस्टिक्स ऑनलाइन आहे, दोघी मिळून करू.

मंजिरीताई, हाडांच्या चिठ्ठ्या अजून आहेत का?

मंजिरी_ओहायो :
आहेत, बुटांच्या खोक्यात. तेलाचे डाग आहेत आणि मनगटातली दोन हाडं हरवलीत, ती तू लिही. पत्ता निरोपात पाठव, शनिवारी पोस्टात टाकते.

अबोली :
स्टॅटिस्टिक्स कुठल्या तारखेला सुरू होतंय?